इंजिन खोलायचं तर क्रमानेच: १०० सीसी मोटारसायकलसाठी टप्प्याटप्प्याने

“काका, चारही नट काढले, तरी हेड सुटत नाहीये.” आमच्या परळच्या चाळीतला मुलगा हातात मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात उभा होता. खाली जाऊन बघितलं तर हेड (सिलिंडरचं झाकण) आणि ब्लॉकच्या (खुद्द सिलिंडरच्या) मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून चार-पाच ठिकाणी तासलं होतं. हेडच्या बाजूला असलेला दहा नंबरचा छोटा बोल्ट तसाच घट्ट होता. त्याला कुणी हातच लावला नव्हता. नव्या पॅकिंगमध्ये (जोडावरच्या गॅस्केटमध्ये) निभावलं असतं असं काम हेड लेथवर नेऊन फेस मारण्यापर्यंत, म्हणजे जोडाचा पृष्ठभाग सपाट करून घेण्यापर्यंत गेलं.

अशा चुका मी सारख्या बघतो आणि त्या जवळजवळ सगळ्या क्रमाच्या असतात. माणूस पाना धरायला लगेच शिकतो. कुठला नट कधी ढिला करायचा, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. समोर धरली आहे ती स्प्लेंडरसारखी एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी, आडव्या सिलिंडरची गाडी. ९७.२ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४९.५ मिमी. तुमची गाडी वेगळी असेल तर जागा बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील. मापं आणि टॉर्कचे (नट किती घट्ट करायचे त्याचे) आकडे मात्र तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या.

१. खोलायची गरज आहे का, ते आधी ठरवा

गॅरेजच्या भाषेत दोन कामं असतात. हाफ इंजिन म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टन. फुल इंजिन म्हणजे केस फोडून, म्हणजे इंजिनाचं कवच दोन भागांत उघडून, क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि गिअरपर्यंत जाणं. हाफमध्ये भागत असेल तर फुलला हात लावू नका. आणि कुठलं काम आहे हे पाना लावण्याआधीच कळायला हवं.

धूर बघा. सिग्नलला उभं राहून गाडी पुन्हा काढताना निळा भपकारा आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवर ऑइल अडवणारं रबर). रेस दिल्यावर, चढावर, सतत निळा धूर असेल तर रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत).

मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. इंजिन थोडं गरम, प्लग काढलेला, गेज त्याच्या जागी, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, पाच-सहा किक. आकडा लिहून ठेवा. आता प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांतून, नाही गेला तर व्हॉल्व्हमधून. आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल खालच्या बाजूला साचतं, सगळीकडे पसरत नाही. म्हणून या गाड्यांत ऑइल टाकल्यावर आठ-दहा वेळा हळू किक मारून मगच मोजा, आणि निकालावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

सावधान: प्लग काढून किक मारताना प्लगची कॅप उघड्या भोकाजवळ लोंबत ठेवू नका. आतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. सुटा प्लग कॅपमध्ये घालून, भोकापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा.

गाडी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात बंद पडली असेल तर गोष्ट वेगळी. तिला किक मारू नका, ढकलून गिअरमध्ये तर अजिबात सुरू करू नका. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मग हळू किक मारून पाणी बाहेर घालवा, मग ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. ऑइल दोन-तीनदा बदलून गाडी नीट चालली, आवाज नाही, धूर नाही, तर खोलू नका.

२. जागा, हत्यारं आणि अंड्यांचा ट्रे

मुंबईत प्रत्येकाकडे गॅरेज नसतं. सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा चालतो, पण तिथे दोन-तीन दिवस कुणी काही हलवणार नाही याची खात्री हवी. पावसाळ्यात वाछट येते तिथे बसू नका.

हत्यारांत ८, १०, १२, १४, १७ चे रिंग पाने आणि टी-पाने, गोटी (सॉकेट) सेट, रबरी हातोडा, नोज प्लायर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. शेवटचा पर्याय म्हणून नव्हे, पहिल्यापासून. साइड कव्हरचे फुलीचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने सुरू केले की डोकी गोल होतात आणि मग ड्रिल मारावं लागतं. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकांचं फ्लायव्हील) ओढून काढायला तुमच्या मॉडेलचा मॅग्नेट पुलर लागेल. क्लचच्या चार खाचांच्या नटाला तशीच चार दाती गोटी लागेल. छिन्नीने तो नट फिरवतात, मी बघितलंय, आणि त्या नटाच्या कडा पुढच्या वेळी कुठल्याच हत्याराला धरत नाहीत. हे सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळतं. तिथली बरीच दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी काम काढून रविवारी पुलर शोधत फिरायची वेळ आणू नका.

आता न विकत घेता मिळणारी हत्यारं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, झिपच्या पिशव्या, मार्कर, आणि बुटांच्या खोक्याचं झाकण. साइड कव्हरचा आकार झाकणावर काढा, आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. हे पोरखेळ वाटेल, पण कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू छोट्या भोकात गेला की तळाशी टेकतो, अॅल्युमिनियम फुटतं. छोटा स्क्रू लांबच्या जागी गेला की दोन आट्यांवर बसतो आणि आटे जातात.

आदल्या रात्री सायलेन्सरच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. समुद्राची हवा या नटांना सगळ्यात आधी खाते.

३. इंजिन फ्रेममध्ये असतानाच घट्ट नट ढिले करा

सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकतात, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

फुल इंजिन करायचं ठरलं की उत्साहात चार माउंटिंग बोल्ट काढून इंजिन जमिनीवर घेतात. मग कळतं की मॅग्नेटचा नट सुटत नाही, क्लचचा नट सुटत नाही, कारण नटाबरोबर सगळं इंजिनच फिरतंय. मग एक जण पायाने इंजिन दाबतो, दुसरा पान्यावर पाइप चढवतो, पिस्टनखाली लाकूड अडकवतात. यातून रॉड वाकतो, केसला तडा जातो.

गाडी उभी असताना तुमच्याकडे फुकटचा पकड-शिकंजा असतो, मागचं चाक. क्रम असा ठेवा:

पहिलं, इंजिन बाहेरून धुवा आणि पूर्ण वाळवा. फिन्समधली माती हेड उघडल्यावर सरळ सिलिंडरमध्ये पडते.

दुसरं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पाना चासीला लागला तर ठिणगी.

तिसरं, इंजिन कोमट असताना ऑइल काढा. ते गाळण्यातून सोडा आणि गाळण्यात काय उरलं ते बघा. बारीक चमकणारा चुरा म्हणजे बेअरिंग किंवा गिअर, तपकिरी रबरासारखे तुकडे म्हणजे क्लच प्लेट. हे तुम्हाला केसपर्यंत जायचं की नाही ते सांगेल. जुनं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते नेणारे येतात.

चौथं, डावं आणि उजवं कव्हर उतरवा, पण चेन चढलेलीच ठेवा. गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाका. एकाने मागचा ब्रेक घट्ट दाबायचा, दुसऱ्याने मॅग्नेटचा नट, क्लचचा नट आणि क्रँकवरचा ऑइल फिल्टर रोटरचा नट ढिला करायचा. नटाच्या वॉशरची कड वाकवून नट अडवलेला असेल तर ती आधी सरळ करा. फक्त ढिला करायचाय, काढायचा नाही. क्लच घसरत असेल तर फ्लायव्हील धरायचा पट्टा वापरा, पण आधी ब्रेकने करून बघा.

पाचवं, पुढचं चेन स्प्रॉकेट. काही गाड्यांत एक मोठा नट असतो, तोही ब्रेक दाबूनच सुटतो. स्प्लेंडरसारख्या गाडीत प्लेट आणि दोन छोटे बोल्ट असतात.

सहावं, हे सगळं ढिलं झाल्यावरच चेन काढा. मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर, सायलेन्सर, क्लच केबल, वायरिंगचे सॉकेट.

तपासा: केबल किंवा वायर काढण्याआधी दोन फोटो काढलेत का? एक जवळून, एक लांबून. जवळच्या फोटोत रंग कळतात, लांबच्या फोटोत वायर फ्रेमच्या आतून जाते की बाहेरून ते कळतं.

हाफ इंजिनाला काही गाड्यांत इंजिन उतरवावंच लागत नाही. हेड सरळ पुढे यायला फ्रेममध्ये पुरेशी जागा आहे का, ते आधी बोटांनी मोजून बघा.

४. पिस्टन वर आणा, मग हेड

डाव्या कव्हरवर दोन झाकणं असतात, मोठं क्रँकच्या मधोमध, छोटं त्याच्या वर. अजून डावं कव्हर उतरवलं नसेल तर ती उघडा. मोठ्यातून गोटी पाना लावून क्रँक घड्याळाच्या उलट फिरवा. छोट्या भोकात इंग्रजी ‘टी’ ची रेघ केसच्या खाचेसमोर आली की थांबा. आता टॅपेटची झाकणं काढून दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बोटाने हलवा. दोन्ही किंचित खुळखुळले, तर बरोबर. एकही घट्ट असेल तर तुम्ही एक पूर्ण फेरा मागे आहात. पुन्हा फिरवा. कॅमच्या (रॉकर हलवणाऱ्या दांड्याच्या) स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर आहे का बघा आणि इथे फोटो काढा. जोडताना हाच फोटो तुम्हाला वाचवेल.

आता टायमिंग चेनचा (क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या आतल्या चेनचा) टेन्शनर ढिला करा, मग कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट काढा. चेन खाली केसमध्ये घसरू देऊ नका. तारेने बांधून फ्रेमला अडकवा.

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असतानाच काढा. तिरक्या जोडीने, एकाला अर्धा फेरा, समोरच्याला अर्धा फेरा, असं तीन-चार वेळा. एकच नट पूर्ण सोडला की बाकीच्यांचा ताण हेडला वाकवतो. चारही नट आणि वॉशर सारखे नसतात. काहींना डोक्यावर टोपी असते, काही उघडे. एखाद्याखाली तांब्याचा वॉशर असतो, कारण त्या स्टडच्या कडेने ऑइल वर जातं. जागा बदलली तर तिथून ऑइल पाझरेल. म्हणून नट-वॉशरची जोडी अंड्यांच्या ट्रेमध्ये त्याच चौकोनात ठेवा.

सावधान: हेड सुटत नसेल तर हत्यार मध्ये घालू नका. आधी बाजूचे बोल्ट मोजा, सुरुवातीला सांगितलेली चूक हीच. मग रबरी हातोड्याने एक्झॉस्टच्या जाड भागाला चारी बाजूंनी हलके ठोके द्या. फिन्सवर ठोकू नका, त्या तुटतात.

हेड निघालं की डॉवेल पिना (दोन भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) शोधा. पोकळ, दोन, कधी हेडमध्ये चिकटून येतात, कधी ब्लॉकमध्ये राहतात. ओ-रिंग कुठे होती तेही लिहा.

५. ब्लॉक, पिस्टन आणि ती सर्क्लिप

ब्लॉक ओढताना पिस्टन अचानक सुटून स्टडवर आपटतो. ब्लॉक अर्धा बाहेर आला की थांबा, खालून हात घालून पिस्टन धरा, मग पुढे ओढा. त्याच क्षणी केसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. सुतळी किंवा धागे सुटणारी चिंधी नको, जुना सुती बनियन चांगला.

काही वर्षांपूर्वी मी हे कापड घालायला विसरलो होतो. नोज प्लायरने सर्क्लिपचं (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीचं) टोक धरलं, अंगठा दुसऱ्या बाजूला ठेवला नाही. क्लिप सुटली, केसच्या कडेला एकदा ‘टिंग’ वाजली आणि आत गेली. चुंबक घालून तासभर शोधली, सापडली नाही. हाफ इंजिनाचं काम होतं, त्यासाठी अख्खी केस फोडावी लागली, क्रँकखाली सापडली. त्यानंतर मी अंगठा पिनेच्या भोकावर दाबल्याशिवाय प्लायर लावलेला नाही.

क्लिप निघाली की पिन हाताने ढकला. घट्ट असेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं कापड मिनिट-दोन मिनिटं पिस्टनला गुंडाळा. अॅल्युमिनियम फुगतं, पिन सरकते. हातोडा मारलात तर रॉडवर आडवा मार बसतो. पिस्टनच्या माथ्यावर इंग्रजी ‘आय’ ‘एन’ किंवा बाणाची खूण असते, ती कुठल्या बाजूला होती ते लिहा. धुराने काळी झाली असेल तर आधी पुसा. जुनी सर्क्लिप परत वापरू नका, दहा-वीस रुपयांची वस्तू सुटली तर बोअर खरवडते.

इथे चार गोष्टी बघा.

पिस्टनच्या अंगावर घासल्याच्या खुणा सरळ आहेत का? एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असतील, तर रॉड वाकलेला आहे. पाण्यात बुडालेल्या गाडीत हे नक्की बघा.

रॉड वर-खाली हलवा. पिनेच्या बाजूने थोडा डावी-उजवी हलणं चालतं. वर-खाली ‘टक’ जाणवली तर क्रँकचं मोठं बेअरिंग गेलं, हाफ इंजिनात भागणार नाही.

रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ५० मिमी बोअरला नव्या रिंगची फट साधारण ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास असते. अर्धा मिमीच्या पुढे गेली असेल तर रिंग किंवा बोअर झिजलं. हीच रिंग बोअरच्या वर, मध्ये आणि खाली मोजा. आकडे वेगळे आले तर बोअर निमुळतं झालंय, नुसत्या रिंगा टाकून उपयोग नाही.

व्हॉल्व्ह बसलेले असताना हेड पोर्टचं तोंड वर येईल असं धरून पोर्टमध्ये थोडं डिझेल ओता. पाच मिनिटांत ज्वलनाच्या बाजूला ओल आली तर व्हॉल्व्हला लॅपिंग (बैठकीवर घासून नीट बसवणं) हवं. यासाठी पेट्रोल वापरू नका. पार्किंगमध्ये मीटरबोर्ड असतो, आणि कुणीतरी बिडी ओढत जातंच.

६. केस फोडायचीच असेल तर

इंजिन फ्रेममधून उतरवलं की ढिले केलेले नट आता हाताने निघतील. मॅग्नेट पुलरनेच काढा. काही पुलरचे आटे उलटे असतात, बसवताना पहिल्या आट्यालाच कळतं, जोर लावू नका. मॅग्नेटवर हातोडी मारली की चुंबक सुटतात आणि क्रँकच्या टोकाचे आटे जातात. मागे राहणारी अर्धचंद्राची चावी लगेच पिशवीत टाका, ती फार छोटी असते.

उजवीकडे क्लच, रोटर, ऑइल पंप, किक आणि गिअर बदलण्याची यंत्रणा. प्रत्येक शाफ्टवरचे गिअर आणि वॉशर निघतील त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने तारेत ओवा, दोन्ही टोकं बांधा. माळच करा म्हणा ना.

इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवा. केसचे सगळे स्क्रू काढल्याची मोजणी करा, एखादा टेन्शनरच्या किंवा चेनच्या आत लपलेला असतो. मग एक बाजू खाली ठेवून वरची बाजू रबरी हातोड्याने शाफ्टच्या टोकांवर हळू ठोकत, सगळीकडून सारखी उचला. एकाच कोपऱ्यातून उचलली की बेअरिंगमध्ये अडकते.

तपासा: वरची केस उचलताच तिच्या आतल्या बाजूला बघा. थ्रस्ट वॉशर ऑइलमुळे चिकटून वर येतात आणि दोन मिनिटांनी कुठेतरी पडतात. तो कुठल्या शाफ्टचा हे नंतर कुणी सांगू शकत नाही.

केस बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर आठवा. तो केसवरच छापलेला असतो आणि आरसीवरच्या नंबराशी जुळावा लागतो. दुसऱ्या नंबराची केस बसवली तर आरटीओत नोंद करून घ्या. नंबर घासून देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

७. लेथवर नेण्याआधी

पॅकिंगचे अवशेष हॅकसॉच्या पात्याने खरवडू नका, अॅल्युमिनियमवर ओरखडे पडले की कितीही नवं पॅकिंग लावा, गळणारच. डिझेलमध्ये रात्रभर भिजवा आणि प्लास्टिकच्या कडक पट्टीने काढा.

बोअर मारायचं असेल तर आधी पिस्टन विकत घ्या. ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी असे मोठे पिस्टन येतात, पण त्या दिवशी दुकानात कुठला आहे ते वेगळं. लेथवाल्याला पिस्टन हातात द्या आणि त्यावरच माप घ्यायला सांगा. आधी बोअर मारून मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पिस्टन शोधत फिरणारे मी बघितलेत, आणि शेवटी जे मिळालं ते बसवून दोन महिन्यांत धूर काढणारेही.

पावसाळ्यात काम अडलं तर ब्लॉक उघडा ठेवू नका. जुलैत एका रात्रीत बोअरवर तांबूस थर चढतो. बोअर, क्रँक, बेअरिंग सगळ्यांना ऑइल चोळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा. आणि पिशवी बांधण्याआधी ट्रेमध्ये चार वस्तू मोजा: हेडच्या डॉवेल, ब्लॉकच्या डॉवेल, अर्धचंद्र चावी, तांब्याचा वॉशर. यातली एकही कमी भरली तर ती अजून इंजिनात किंवा जमिनीवर आहे, आणि झाडू मारण्याआधी शोधायला हवी.